चादर, पंचांग आणि शिशाचीं अक्षरें

सोलापूर शहरानें महाराष्ट्रांतील घराघरांत दोन वस्तु पोंचविल्या आहेत. एक रात्रीं अंगावर घ्यावयाची चादर, व दुसरी वस्तु म्हणजे देवघराजवळ खुंटीस टांगलेलें पंचांग. चैत्र शुद्ध प्रतिपदेस गुढी उभारून झाल्यावर घरांतील वडील माणूस पंचांग उघडून संवत्सरफल वाचूं लागतो आणि लहानथोर मंडळी भोंवतीं बसून ऐकतात, हा प्रसंग आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरचा आहे. लक्ष्मण गोपाळ ऊर्फ नानाशास्त्री दाते यांनीं १९१६ च्या सुमारास सोलापुरांत सुरू केलेलें पंचांग शंभर वर्षें लोटल्यावरहि असंख्य कुटुंबांत त्या दिवशीं उघडलें जातें. चादरीविषयीं तर बोलावयासच नको. प्रवासाची वळकटी असो कीं पाहुण्यांसाठीं घातलेला बिछाना असो, सोलापुरी चादर नाहीं असें घर विरळा.

परंतु त्या पंचांगांतील एखादें पान आपण कधीं नीट न्याहाळून पाहिलें आहे काय? एकाच आडव्या ओळींत तिथि, वार, नक्षत्र, योग व करण, त्या प्रत्येकाच्या समाप्तीची वेळ, सूर्याचा उदय व अस्त, चंद्राची रास, आणि शेवटीं त्या दिवसाचें व्रत किंवा सण. अशा तीस ओळी म्हणजे एक महिना, व असे बारा महिने. आंकड्यांच्या या अरण्यांत एक आंकडा चुकला तर एका घरची एकादशी आज व दुसऱ्या घरची उद्यां! गणित करणाऱ्या शास्त्रीबोवांस आपण मान देतों तो योग्यच आहे. परंतु त्यांच्या वहींतील आंकडे आपल्या हातांतील कागदावर बिनचूक उतरविणारा जो मधला कारागीर, त्याची आठवण सहसा कोणास होत नाहीं.

प्रस्तुत लेखांत त्या मधल्या कारागिराची, आणि त्याच्या हातचें काम करूं पाहणाऱ्या यंत्रांत क्रमाक्रमानें कशा सुधारणा होत गेल्या त्याची हकीकत सांगावयाची आहे. चादरीचा या गोष्टीशीं संबंध काय, तें ओघानें कळून येईलच.

जुळाऱ्याचा हात

पहिलें छापील मराठी पंचांग खिळ्यांनीं छापलेलें नव्हतें. मुंबईचे गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं तें शिळाप्रेसवर काढलें. म्हणजे हातानें लिहिलेलीं अक्षरें दगडावर उतरवून त्यांचा छाप घेतला. छपाईच्या शाईंत चरबी असते म्हणून सोवळ्यांतील मंडळी छापील पोथीस शिवत नसत. तेव्हां गणपत कृष्णाजींनीं शाईंत तूप घालून ती अडचण दूर केली, असें सांगतात. पुढें खिळ्यांची छपाई रुळली. लहानपणीं छापखान्यांत खिळे घासण्याचें काम करणारे जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना उभारला. त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनीं पोलादावर कोरलेल्या ठशांपासून निघालेलीं सुबक अक्षरें संस्कृत ग्रंथांच्या द्वारें देशोदेशींच्या पंडितांच्या हातीं गेलीं.

ज्यांनीं जुना छापखाना पाहिला नसेल, त्या तरुण वाचकांसाठीं खिळ्यांची जुळणी कशी होत असे तें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. खिळा म्हणजे शिसें, अँटिमनी व कथील यांच्या मिश्रणाचा एक लहानसा चौकोनी दांडा. त्याच्या एका टोंकास अक्षर उलटें कोरलेलें असतें, म्हणजे कागदावर तें सुलटें उमटतें. असे खिळे लांकडी केसांतील लहान लहान घरांत अक्षरवारीनें ठेवलेले असत. जुळारी डाव्या हातांत स्टिक धरून, समोरचा मजकूर वाचीत, उजव्या हातानें एकेक खिळा उचलून लावी. ओळ पुरी होत आली म्हणजे दोन शब्दांच्या मध्यें कमीजास्त जाडीच्या कोऱ्या पट्ट्या सरकवून ती नेमकी स्टिकच्या रुंदीएवढी करावयाची, कारण ओळ सैल राहिली तर छापतांना खिळे उपसून येत. छपाई झाल्यावर हेच हजारों खिळे पुन्हां आपापल्या घरांत टाकावयाचे. हें सोडण्याचें काम कंटाळवाणें असून त्यांत दिवसाचा बराच वेळ जाई. आणि एक खिळा चुकून शेजारच्या घरांत पडला कीं दुसऱ्या दिवशींच्या मजकुरांत चूक झालीच म्हणून समजावें.

इंग्रजी जुळाऱ्यास दोन केस पुरत. एकांत मोठीं अक्षरें व एकांत लहान. आमच्या जुळाऱ्याचें तसें नव्हे. देवनागरी अक्षरास तीन मजले आहेत. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रेफ व अनुस्वार; मधल्या मजल्यांत अक्षराचा देह; आणि खालीं उकार व ऋकार. याशिवाय जोडाक्षरांचा परिवार निराळाच. अखंड पद्धतींत हीं रूपें शक्य तितकीं एकाच खिळ्यावर घेत, त्यामुळें खिळ्यांचे प्रकार शेंकड्यांनीं मोजावे लागत. डिग्री पद्धतींत मात्रा, देह व उकार वेगळाले पाडीत, त्यामुळें प्रकार कमी होत, पण एका ओळीसाठीं तीन थर रचावे लागत. कोणतीहि पद्धत घेतली तरी मराठी जुळाऱ्याचा हात इंग्रजी जुळाऱ्याच्या हाताहून पुष्कळ अधिक अंतर तुडवीत असे.

हाताची नक्कल आणि तिचा शेवट

हें काम यंत्राकडून करून घ्यावें अशी खटपट युरोप व अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकभर चालली होती. त्यांतील बहुतेक संशोधकांनीं एकच मार्ग धरला. जुळारी जें जें करतो तें तें यंत्रानें करावें, म्हणजे तयार खिळा उचलावा, रांगेंत लावावा, ओळ भरावी आणि शेवटीं खिळे परत घरांत टाकावे. या मार्गाचा कळस म्हणजे अमेरिकेंतील जेम्स पेज याचें यंत्र. त्यांत सुमारें १८,००० भाग होते. तें नीट चालूं लागलें म्हणजे पाहणारा थक्क होई. परंतु तें नीट चालण्यापेक्षां बिघडलेलेंच अधिक असे. प्रसिद्ध विनोदी ग्रंथकार मार्क ट्वेन यानें लेखणीवर मिळविलेला पैसा या यंत्रांत ओतला आणि १८९४ सालीं त्याचें दिवाळें निघालें. मौज अशी कीं, हा गृहस्थ स्वतः लहानपणीं जुळाऱ्याचें काम करीत असे. हाताच्या कामाचें प्रेमच त्यास हाताची नक्कल करणाऱ्या यंत्राकडे घेऊन गेलें असावें!

त्याच सुमारास ओटमार मर्गेनथालर नांवाचा एक जर्मन तरुण बाल्टिमोर शहरांत निराळ्या दिशेनें चांचपडत होता. याचा जन्म १८५४ चा. मूळ विद्या घड्याळें करण्याची. न्यायालयांतील लघुलेखक जेम्स क्लिफेन यास आपली टिपणें त्वरेनें छापून हवीं होतीं, त्यानें याला कामास लावलें. आरंभीं कागदाच्या लगद्यावर अक्षरें दाबून त्यांत धातु ओतण्याचा प्रयत्न झाला, तो फसला. मग मर्गेनथालरच्या ध्यानांत आलें कीं, खिळे हालवीत बसण्याचें कारणच नाहीं. खिळ्याऐवजीं खिळ्याचा सांचा, म्हणजे पितळेची लहानशी मातृका, हालवावी. मातृकांची ओळ लावून तिच्यावर वितळलेला रस सोडावा. आणि सबंध ओळ एकाच तुकड्यांत ओतून घ्यावी. छापून झाल्यावर तो तुकडा पुन्हां वितळवावा. खिळे सोडण्याचें कामच उरलें नाहीं! १८८६ च्या जुलै महिन्यांत न्यूयॉर्कच्या 'ट्रिब्यून' पत्राच्या कचेरींत हें यंत्र प्रथम चालूं झालें. सबंध ओळ ओतणारें म्हणून त्याचें नांव लायनोटाइप.

वाचकांनीं असें समजूं नये कीं, कल्पना सुचली व यंत्र सिद्ध झालें. पहिल्या यंत्रांत मातृका वाऱ्याच्या झोतानें जागेवर ढकलल्या जात, आणि त्या वाटेंत अडत. १८९० च्या नमुन्यांत मातृकांची पेटी तिरपी बसविली, तेव्हां त्या स्वतःच्या भारानें खालीं घसरूं लागल्या व वाऱ्याची कटकट संपली. ओळ भरण्यासाठीं दोन शब्दांमध्यें पोलादी पाचरी ठेवण्याची युक्ति निघाली. सर्व पाचरी खालून एकदम वर दाबल्या कीं साऱ्या फटी सारख्या रुंदावून ओळ गच्च बसे. या दुहेरी पाचरीचा शोध जेकब शुकर्स नांवाच्या दुसऱ्याच माणसाचा असल्यामुळें तिच्या हक्कासाठीं मर्गेनथालरच्या कंपनीस मोठी किंमत मोजावी लागली. वापरलेल्या मातृका परत पेटींत जाण्याची सोय तर फारच चतुराईची आहे. प्रत्येक मातृकेच्या माथ्यावर किल्लीसारखे दांते असतात. दांतेरी दांड्यावरून ती सरकत जाते, आणि जेथें तिच्या दांत्यांस आधार देणारे दांडे संपतात तेथें ती आपोआप सुटून आपल्याच कप्प्यांत पडते. जुळाऱ्याचा सर्वांत नावडता व्यवसाय यंत्र अशा रीतीनें न थकतां व न चुकतां करूं लागलें.

आणखी एक अडचण होती. इतक्या मातृका करावयाच्या तर तितकेच पोलादी ठसे पाहिजेत, आणि ठसे कोरणारे हात थोडे. बेंटन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १८८५ सालीं ठसे कोरण्याचें यंत्र काढलें. मोठ्या नमुन्याच्या कडेवरून एक टोंक फिरवावें, म्हणजे दुसरें टोंक तेंच अक्षर लहान आकारांत पोलादावर कोरतें. या यंत्राच्या मदतीवांचून लायनोटाइप यंत्रें मोठ्या संख्येनें बाहेर पडलीं नसतीं. मर्गेनथालर स्वतः मात्र क्षयानें १८९९ सालीं पंचेचाळिसाव्या वर्षीं वारला.

छिद्रांची भाषा

आतां चादरीकडे वळूं. सोलापूरच्या पूर्व भागांत तेलंगणांतून येऊन पिढ्यानपिढ्या स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती आहे. तेथें मागावर चादर विणली जात असतांना ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस मागाच्या माथ्यावर हळूहळू फिरणारी पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ आठवेल. प्रत्येक पत्त्यास जागोजागीं छिद्रें पाडलेलीं असतात. जेथें छिद्र असेल तेथील सुई आंत शिरते व तिच्याशीं जोडलेला ताण्याचा धागा वर उचलला जातो. जेथें छिद्र नाहीं तेथें धागा खालींच राहतो. उचललेल्या धाग्यांखालून धोटा पलीकडे गेला कीं नक्षीची एक ओळ विणून झाली. पुढचा पत्ता, पुढची ओळ. मोर असो, कमळ असो, कीं एखाद्या संस्थेचें नांव असो, माग तोच राहतो व पत्ते तेवढे बदलतात. ही युक्ति फ्रान्सांतील लिआँ शहरच्या जोसेफ मारी जॅकार्ड यानें १८०४ च्या सुमारास पूर्णत्वास नेली. सोलापुरी चादरीस भौगोलिक निर्देशांकाचा जो मान मिळाला, तिच्या नक्षीच्या मुळाशीं ही छिद्रांची भाषा आहे.

हीच भाषा अक्षरजुळणीस लावणारा माणूस टोल्बर्ट लॅन्स्टन हा होय. वॉशिंग्टन येथील पेन्शनच्या सरकारी कचेरींत हा कारकून होता. त्यानें १८८७ सालीं जें यंत्र नोंदविलें त्याचे दोन तुकडे होते, आणि तेंच त्याचें वैशिष्ट्य. एका ठिकाणीं कळफलकावर माणूस बसतो. तो कळ दाबतो तेव्हां अक्षर ओतलें जात नाहीं. कागदाच्या लांब पट्टीवर फक्त छिद्रें पडतात. ती पट्टी दुसऱ्या खोलींतील ओतयंत्रावर चढवितात. छिद्रांतून दाबलेली हवा शिरते, आणि ती मातृकांची चौकट अशी सरकवते कीं नेमकें हवें तेंच अक्षर सांच्याच्या तोंडावर येतें. लगेच रस सुटतो व एक सुटा खिळा तयार होतो. एकेक अक्षर सुटें ओततें म्हणून हें यंत्र मोनोटाइप. मूळच्या चौकटींत आडवीं पंधरा व उभीं पंधरा, मिळून २२५ घरें होतीं.

यांतहि सुधारणा कराव्या लागल्याच. लॅन्स्टन प्रथम थंड धातूवर अक्षर दाबून काढीत असे; तें साधेना म्हणून रस ओतण्याची रीत आली. फिलाडेल्फियाचा यंत्रज्ञ जॉन सेलर्स बँक्रॉफ्ट यानें ओतयंत्राची रचना सुधारून शतकाच्या अखेरीस तें बाजारांत उभें राहण्याजोगें केलें. परंतु यांतील खरी मौज निराळी आहे. ओळ भरण्यासाठीं शब्दांमधील जागा किती सोडावयाची हें ओळ संपल्यावर कळतें, आणि ओतयंत्रास तर तें पहिलें अक्षर ओतण्यापूर्वींच कळलें पाहिजे. यावर उपाय असा कीं, कळफलक ओळीच्या शेवटीं त्या जागेचें माप छिद्रांनीं नोंदवितो, आणि ओतयंत्र पट्टी उलट्या बाजूनें, म्हणजे शेवटाकडून आरंभाकडे वाचतें! त्यामुळें प्रत्येक ओळीचें माप त्यास अगोदर मिळतें.

पंचांगासारख्या कोष्टकांच्या कामास मोनोटाइप विशेष सोयीचें. लायनोटाइपांत एक आंकडा चुकला तर सबंध ओळ पुन्हां ओतावी लागते, व ओततांना दुसरीच चूक व्हावयाची भीति राहते. मोनोटाइपचे खिळे सुटे असल्यामुळें चुकलेला आंकडा चिमट्यानें उचलून दुसरा बसवितां येतो. म्हणून वर्तमानपत्रांनीं लायनोटाइप पसंत केलें, आणि गणितें, कोष्टकें व विद्वत्तेचे ग्रंथ छापणारांनीं मोनोटाइप.

आमची लिपि आणि त्यांचें यंत्र

येथवरची कथा ऐकून कोणी सहज विचारील कीं, मग आमच्या छापखान्यांत हीं यंत्रें तेव्हांच कां आलीं नाहींत? उत्तर सोपें आहे. लायनोटाइपच्या कळफलकावर कळा ९०. इंग्रजीचीं सव्वीस मोठीं व सव्वीस लहान अक्षरें, आंकडे व विरामचिन्हें त्यांत सुखानें मावतात. देवनागरीचीं शेंकडों रूपें त्यांत मावणार कशीं? मोनोटाइपच्या २२५ घरांतहि गर्दीच. शिवाय एका अक्षराच्या डोक्यावर मात्रा व पायाशीं उकार बसविण्याची कल्पनाच त्या यंत्रांच्या कर्त्यांस कधीं शिवली नव्हती.

तेव्हां आमच्या पुढाऱ्यांपुढें दोन मार्ग राहिले. यंत्र बदलावें, कीं लिपि बदलावी? लोकमान्य टिळकांसारख्या व्यवहारचतुर पुरुषास 'केसरी'च्या छपाईंत हा प्रश्न रोज भेडसावीत होता. त्यांनीं खिळ्यांचे प्रकार दोनशेंच्या आंत आणण्याची योजना स्वतः बसून आंखली, आणि तिला पुढें टिळक फाउंट असें नांव पडलें. स्वातंत्र्यवीर सावरकरांनीं रत्नागिरीच्या स्थानबद्धतेंत (१९२४–१९३७) लिपिशुद्धीचा पुरस्कार केला. इ, उ, ए हीं स्वतंत्र अक्षरें न ठेवतां 'अ' लाच वेलांटी, उकार व मात्रा द्यावी, ही त्यांची 'अ'ची बाराखडी त्या काळच्या कांहीं मराठी नियतकालिकांनीं उचललीहि. न्यूयॉर्क येथें राहणारे हरि गोविल यांनीं १९३० नंतरच्या दशकांत अक्षरांचे तुकडे मोठ्या कल्पकतेनें पाडून देवनागरी लायनोटाइप सिद्ध केलें. या सर्वांची तळमळ खरी होती. छपाई स्वस्त व जलद झाली नाहीं तर विद्या बहुजनांच्या घरीं जाणार नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. आणि त्या दृष्टीनें त्यांचा उद्योग स्तुत्यच मानला पाहिजे.

परंतु लिपीची काटछांट एकदां सुरू झाली म्हणजे ती कोठें थांबवावी हें कळेनासें होतें. १९५३ सालीं लखनौ येथें भरलेल्या परिषदेनें ऱ्हस्व वेलांटीसुद्धां अक्षराच्या उजवीकडे न्यावी असें ठरविलें. उद्देश पुन्हां यंत्राची सोय हाच. डोळ्यांस जन्माची लागलेली संवय अशी ठरावानें सुटत नाहीं. थोड्याच वर्षांत तो निर्णय मागें घ्यावा लागला.

आमच्या एका माणसाची गोष्ट

लिपि न तोडतां यंत्रच सुधारावें, या बाजूस ज्यानें आयुष्य वेंचलें असा एक मराठी माणूस होऊन गेला, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजीं मुंबईस झाला. यंत्रविद्येचें रीतसर शिक्षण नसतांना त्यांनीं तरुणपणींच नाना प्रकारच्या युक्त्या काढल्या. आपोआप वजन करून माल देणाऱ्या यंत्राबद्दल एका इंग्रजी नियतकालिकाच्या स्पर्धेंत त्यांस बक्षीस मिळालें, आणि त्या बळावर ते शतकाच्या अखेरीस लंडनला गेले. तेथें दादाभाई नौरोजींनीं त्यांस आश्रय व पैसा दिला. याच काळांत त्यांनीं खिळे ओतण्याचें नवीन यंत्र रचलें, व त्यास भिसोटाइप असें नांव दिलें. एकेक सुटा खिळा त्या वेळच्या प्रचलित यंत्रांहून अधिक जलद व कमी खर्चांत ओतावा, हा त्याचा हेतु होता.

पुढील हकीकत मनास चटका लावणारी आहे. यंत्र बाजारांत आणावयाचें तर भांडवल हवें. इंग्लंडांतील समाजवाद्यांचे पुढारी हिंडमन यांनीं तें उभें करण्याचें मनावर घेतलें, परंतु तें जमलें नाहीं. १९०७ सालीं वृद्ध दादाभाई स्वदेशीं परतले व त्यांच्या मदतीचा ओघहि थांबला. निराश होऊन भिसेहि मुंबईस निघाले. पुढें नामदार गोखले यांच्या ध्यानांत त्यांची योग्यता आली, आणि जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांच्याकडून त्यांस पुन्हां साहाय्य मिळालें. भिसे पुन्हां इंग्लंडला गेले. पुढें महायुद्धाच्या धामधुमींत अमेरिकेस. १९१८ सालीं रतन टाटाहि वारले. न्यूयॉर्कमध्यें भिशांनीं आपल्या ओतयंत्रासाठीं कंपनी काढली, परंतु लायनोटाइप व मोनोटाइप यांचें आसन तोंवर पक्कें झालें होतें. उत्तरायुष्यांत त्यांस पैसा मिळवून दिला तो आयोडिनाच्या एका औषधानें! ७ एप्रिल १९३५ रोजीं न्यूयॉर्क येथेंच त्यांचा अंत झाला. लोक त्यांस हिंदी एडिसन म्हणत. परंतु त्यांचें यंत्र त्यांच्या मायभूमीच्या छापखान्यांत रूढ झालें नाहीं.

येथें दैवास बोल लावून भागणार नाहीं. मर्गेनथालरच्या पाठीशीं कोण होते? 'ट्रिब्यून'चे मालक व दुसरे अमेरिकन वृत्तपत्रवाले. ज्यांस यंत्राची गरज होती त्यांनींच त्यांत पैसा घातला, अपयशाचीं वर्षें सोसलीं, दुरुस्त्या करवून घेतल्या, आणि यंत्र सिद्ध होतांच आपल्याच कचेरींत बसविलें. भिशांच्या पाठीशीं दादाभाई, गोखले व टाटा यांसारखीं थोर माणसें होतीं. गिऱ्हाईक मात्र नव्हतें. औदार्यानें संशोधक जगतो. यंत्र जगण्यास त्याची गरज असणारा धंदा पाठीशीं लागतो. आमचे छापखाने गरीब, पत्रांचा खप थोडा, आणि यंत्रें करणारे कारखाने परक्यांचे. अशा स्थितींत लिपि तोडणें स्वस्त पडलें, कारण लिपीचा मालक मुकाट्यानें सोसणारा होता.

शेवटीं कोण बदललें

यापुढील गोष्ट बहुतेकांनीं स्वतः पाहिली आहे. शिशाचें युग संपलें. प्रथम प्रकाशाच्या साहाय्यानें फिल्मवर अक्षरें जुळूं लागलीं. मग संगणक आला. १९९१ सालीं युनिकोड नांवाची जी जागतिक अक्षरसंकेतावली प्रसिद्ध झाली, तींत देवनागरीस पहिल्यापासून जागा मिळाली. मराठी कवि व सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनीं घडविलेला 'मंगल' टंक संगणकांतून घरोघर गेला. या नव्या व्यवस्थेंत एकेका जोडाक्षरासाठीं एकेक कळ लागत नाहीं. लेखकानें क, हलन्त व ष असे क्रमानें दिले कीं, त्यांचा 'क्ष' कसा करावयाचा याचे नियम टंकाच्या पोटींच असतात. म्हणजे पुन्हां सोलापुरी मागाचाच न्याय! नक्षीचें ज्ञान पत्त्यांत ठेवलें कीं मागास मोर व कमळ सारखेच. लिपीचें ज्ञान नियमांत ठेवलें कीं यंत्रास सव्वीस अक्षरें काय आणि सहाशें रूपें काय, भेद उरत नाहीं.

त्याचा परिणाम असा झाला कीं, जी रूपें टाकून द्यावीं म्हणून आमच्या थोरामोठ्यांनीं आग्रह धरला तीं आज कोणासहि अडचणीचीं वाटत नाहींत. २००९ सालीं महाराष्ट्र शासनानें पाकळीयुक्त ल व देठयुक्त श हीं आमचीं परंपरागत वळणें पुन्हां अधिकृत ठरविलीं. वेलांटी अक्षराच्या डावीकडेच राहिली. अखेरीस बदललें तें यंत्र.

यावरून जुन्या सुधारकांस नांवें ठेवावीं असा आमचा आशय मुळींच नाहीं. त्यांच्या हातीं जें यंत्र होतें त्यांतून त्यांस रोजचें पत्र वेळेवर काढावयाचें होतें. शंभर वर्षें थांबण्याची सोय त्यांस नव्हती. परंतु आज आपल्या घरांतील मुलें नवनवीन यंत्रांपुढें बसतात, आणि हें मराठींत होत नाहीं, तें देवनागरींत जमत नाहीं, म्हणून रोमन अक्षरांत मराठी लिहूं लागतात, तेव्हां ही कथा त्यांस अवश्य सांगावी. यंत्रांत उणीव असेल तर ती यंत्राची उणीव समजावी. आपल्या भाषेची समजूं नये. आणि घरांतील एखाद्या मुलास खटपटीची, खोलून पाहण्याची, जोडून पाहण्याची आवड असेल तर त्याच्या हातून हत्यार काढून घेऊं नये. पसारा मांडतो म्हणून आज जो रागें भरला जातो, तोच उद्यां एखादी पाचर किंवा एखादा दांता असा बसवील कीं सगळ्यांची अडचण दूर होईल. त्यास शाबासकी द्यावीच, पण त्याच्या कामाचें पहिलें गिऱ्हाईकहि आपण व्हावें. भिशांस शाबासकी पुष्कळ मिळाली; गिऱ्हाईक मिळालें नाहीं.

पुढील पाडव्यास पंचांग उघडाल तेव्हां संवत्सरफल वाचण्यापूर्वीं एकदां त्या बारीक आंकड्यांच्या रांगांवरून दृष्टि फिरवा, आणि उभ्याउभ्या तसले आंकडे जुळविणाऱ्या त्या जुन्या जुळाऱ्यांस मनांतल्या मनांत नमस्कार करा. रात्रीं चादर अंगावर ओढून घ्याल तेव्हां मुलांस तिच्या नक्षीमागील छिद्रांची गोष्ट सांगा. सोलापूरच्या या दोन वस्तूंनीं आम्हांस शिकविलेला धडा एवढाच आहे कीं, नक्षी माणसानें ठरवावी, आणि ती जशीच्या तशी विणण्याजोगें यंत्र घडवावें.